बारा चित्रांचा उशीर

“ऐकून तर घेऊ आधी.”

घड्याळकाकांच्या तोंडी हे वाक्य दिवसातून वीसदा यायचं. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर पाय ठेवतानाच तक्रार सांगायला लागायचं, हे मागं पडतं, हे मध्येच थांबतं, ह्याची काच निघते. काका नुसता हात पुढं करायचे. घड्याळ घेऊन कानाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “ऐकून तर घेऊ आधी.” की गिऱ्हाईक गप्प. घड्याळ आपलं दुखणं आपल्या तोंडानं सांगतं, मधे माणसानं बडबड करू नये, अशी त्यांची पक्की समजूत. लग्नाआधी काकूंनी एकदा सरळ विचारलं होतं, “मग काय ठरलं तुमचं?” तेव्हासुद्धा काका हेच म्हणाले. तीस वर्षं झाली, काकू अजून त्याचा टोमणा मारतात.

दुकान एका अरुंद गल्लीत. एक पलंग उभा करून ठेवावा एवढी त्याची रुंदी. एका बाजूला चपला शिवणारा, दुसऱ्या बाजूला चष्मेवाला. आत एक टेबल, वाकलेल्या मानेचा दिवा, आणि टेबलाच्या पुढच्या कडेला खिळ्यांनी ठोकलेलं जाड कापड. काम करताना ते कापड मांडीवर ओढून घ्यायचं, म्हणजे हातातून निसटलेला स्क्रू जमिनीवर न जाता त्यात पडतो. साळीच्या दाण्याच्या टोकाएवढा तो स्क्रू, जमिनीवर गेला तर तो गेलाच. ते कापड काकांच्या वडिलांच्या हातचं. टेबल वडिलांचं, खुर्चीही वडिलांचीच.

वडिलांनी अठ्ठावन्नाव्या वर्षी ती खुर्ची सोडली. का सोडली हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मुलानं विचारलं नाही. पण ती दुपार मुलानं पाहिली होती. कापडात एक स्क्रू पडला, वडिलांनी तो उचलला. पुन्हा पडला, पुन्हा उचलला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा त्यांनी तो तिथंच राहू दिला, चिमटा पुसून ठेवला, उठून हात धुतले आणि घरी गेले. त्यानंतर ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. कुणी बघतंय असं वाटलं की कप खाली ठेवायचे.

काकांना ह्या वर्षी सत्तावन्न सरून अठ्ठावन्नावं लागलं. वय कुणी विचारलं की ते सांगायचे आणि लगेच विषय बदलायचे.

आता ह्या माणसाच्या घरात व्हिडिओ गेमचा डबा कुठून आला? तर लेकीचा. ती नोकरीला दूर गेली तेव्हा जाताना म्हणाली, “बाबा, हा टाकू नका, कुणाला देऊ नका, आठवड्याला धूळ पुसा.” काकांनी आठवड्याला धूळ पुसली. पण हातात आलेलं यंत्र नुसतं पुसून ठेवणं हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. चौथ्या आठवड्यात त्यांनी तो टीव्हीला जोडून चालू केला. आत एकच खेळ होता. एक पोस्टमन. त्याला एका गावाच्या बारा छपरांवरून उड्या मारत, मनोऱ्यावरच्या घड्याळाचे ठोके पडायच्या आत पत्रं पोचवायची. आठव्या आणि नवव्या छपराच्या मधे त्या घड्याळाचा प्रचंड लंबक झुलतो. लंबक टोकाला येतो, तेव्हा बारीकशी घंटा वाजते. घंटेवर बटण दाबलं तर पोस्टमन लंबकावर पाय देऊन पलीकडे जातो. क्षणभर उशीर झाला, की खाली.

घड्याळ दुरुस्त करणाऱ्या माणसासाठीच कुणी तो खेळ बनवला असावा. काका जे बसले ते बसलेच. रोज दुकानातून आलं की तासभर पोस्टमन, मग जेवण.

काकांची थोरली बहीण, अक्का, दुसऱ्या गावी असते. टेलिफोन ऑफिसात तिनं उभं आयुष्य बटणं दाबली, आता निवृत्त. तिच्या मुलाकडं हाच खेळ होता आणि तीही बसली. मग दर रविवारी सकाळी दोघांचा फोन.

“काल नववं छप्पर ओलांडलं मी,” काका म्हणाले.

“कुणी बघितलं?”

“कुणी कशाला बघायला पाहिजे? मी बघितलं.”

“लहानपणी झाडाच्या शेंड्याला हात लावून आलो म्हणायचास. गुडघे मात्र कोरे असायचे.”

“अक्का, पन्नास वर्षं झाली त्याला.”

“झाड अजून आहे तिथं. हे बघ रे लंबका, मला सांगू नकोस, दाखव. पोरं करतात ना रेकॉर्डिंग? कॉम्प्युटरवर घेतात आणि पाठवून देतात. तसं कर. मग मी मान्य करीन, आणि सगळ्या नातेवाइकांत सांगीन.”

लंबक हे काकांचं घरचं नाव. लहानपणी बाकावर बसले की पाय हलत राहायचे म्हणून अक्कानंच ठेवलेलं.

काकांना ते लागलं. खरं बोलूनही खोटं ठरावं, हे त्यांच्यासारख्या माणसाला सहन होत नाही. त्यांनी लेकीला विचारलं आणि लेकीनं साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी पाठवली. गेमची केबल डबीत घालायची. डबीतून एक केबल टीव्हीला, दुसरी कॉम्प्युटरला. टीव्हीवर खेळायचं आणि कॉम्प्युटर ते टिपून घेणार. फोनवर लेकीनं समजावलं, काकांनी वहीत उतरवून घेतलं, बाणांसकट.

पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं खेळले. कॉम्प्युटरवर उघडून बघतात तर नुसता काळा पडदा. गेमच्या डब्यात एक कुलूप असतं, ते सेटिंगमध्ये जाऊन काढलं नाही तर चित्र टीव्हीला दिसतं पण रेकॉर्डिंगला दिसत नाही. ते काढलं. दुसऱ्या दिवशी चित्र आलं, पण मुकं. पोस्टमन उड्या मारतोय आणि आवाज नाही. आवाजाची जोडणी वेगळी दाखवावी लागते. तीही दाखवली. तिसऱ्या दिवशी सगळं जमलं, आणि त्याच दिवशी काकांनी नववं छप्पर असं ओलांडलं, की काकूंना हाक मारायला ते खुर्चीतून उठले. उठून बघतात तर रेकॉर्डिंग सहाव्या छपरावरच थांबलेलं. कॉम्प्युटरची जागा संपली होती. लेकीच्या कॉलेजच्या सहलींचे फोटो आत ठासून भरलेले.

काका त्या दिवशी जेवले नाहीत. काकू म्हणाल्या, “पोस्टमन पोचला ना? मग झालं की.”

“पोचला, पण कागदोपत्री नाही.”

“तुम्हाला कोण पेन्शन देणार आहे त्याच्यावर?”

पण काकांनी मनाशी ठरवलं, आता कॉम्प्युटरवरची नजर हलवायची नाही. त्यांनी जागा रिकामी केली, खुर्ची टीव्हीकडून फिरवून कॉम्प्युटरकडे तोंड करून ठेवली. कॉम्प्युटरवर एका चौकटीत खेळाचं चित्र येतं, कोपऱ्यात लाल ठिपका असतो. ठिपका चालू म्हणजे रेकॉर्डिंग चालू. काकांनी ती चौकट ओढून मोठी केली, ठिपका तेवढा दिसत ठेवला आणि तिकडं बघूनच खेळायला लागले. आवाजही तिथल्याच स्पीकरवर. टीव्ही बंद. दोन दोन पडदे कशाला जाळायचे?

आणि त्या दिवसापासून पोस्टमन पडायला लागला.

पहिल्या दिवशी आठदा पडला. काकांना हसू आलं, दमलोय म्हणाले. दुसऱ्या दिवशी अकरा वेळा. आठवडाभरात एकदाही नववं छप्पर नाही. घंटा वाजते, अंगठा बटणावर जातो, आणि पोस्टमन जणू विचार करून मग उडी मारतो. तोवर लंबक गेलेला. काकांनी घंटेच्या आधी दाबून पाहिलं, तर फारच आधी झालं. मग आधी की नंतर हेच कळेना. विहिरीत दोर सोडल्यावर पाण्याला लागला की हाताला कळतं, तसं त्यांच्या अंगठ्याला इतके दिवस कळत होतं. आता दोर लागतच नव्हता.

रविवारी अक्काचा फोन आला.

“आलं नाही रेकॉर्डिंग.”

“यंत्र जरा बिघडलंय.”

“कुठलं यंत्र, डबा की तू?” अक्का हसत म्हणाली.

तिला काही माहीत नव्हतं, तिनं गंमतच केली. पण काकांच्या हातातला फोन घामानं ओला झाला.

रेकॉर्डिंगमध्ये एक सोय असते. चित्र थांबवून एकेक पाऊल पुढं नेता येतं. एका सेकंदाची साठ चित्रं असतात, ती माळेतल्या मण्यांसारखी एकेक करून सरकवता येतात. काका दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी दार लोटून बसले आणि मोजायला लागले. घंटा वाजली ते चित्र, आणि पोस्टमनचे पाय छपरावरून सुटले ते चित्र. मधे किती? बारा. पुढची उडी, बारा. त्याच्या पुढची, तेरा. मग परत बारा. वहीच्या पानावर ते खालोखाल लिहीत गेले. सेकंदाचा पाचवा हिस्सा. जगाला त्याचं काहीच नाही. पण जो माणूस एका दिवसात तीन सेकंद मागं पडणारं घड्याळ परत उघडतो, त्याला सेकंदाचा पाचवा हिस्सा म्हणजे उघडं पडलेलं दार.

त्यांनी वही मिटली आणि उजवा हात खिडकीच्या उजेडात धरला. बघत राहिले. कुठलाही हात नुसता धरून बराच वेळ बघितला तर हलल्यासारखाच दिसतो. पण हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं.

मग तपासण्या सुरू झाल्या. न्हाणीघरात पाण्याचा काठोकाठ पेला धरून उभं राहायचं. काकूंच्या शिवणाच्या डब्यातली बारीकातली बारीक सुई ओवायची. ओवली गेली की लगेच काढून पुन्हा ओवायची. काकूंनी एकदा पाहिलं.

“बटण तुटलंय का कुठलं?”

“नाही. सहज.”

“सहज सुई ओवतंय का कुणी?”

काकांनी सुई डब्यात परत ठेवली. जेवताना त्यांनी कप डाव्या हातानं उचलला, हे मात्र काकूंनी टिपून ठेवलं.

दुकानात नर्सबाई आल्या. सरकारी दवाखान्यात आहेत, पंचवीस वर्षांची ओळख. त्यांचं मनगटावरचं घड्याळ अंगठ्याच्या नखाएवढं, चावीचं. त्याच्याकडं बघूनच त्या पेशंटची नाडी मोजतात. आतली केसासारखी स्प्रिंग वाकली होती. एरवी काकांनी बसल्या जागी सरळ करून दिली असती. ते म्हणाले, “ठेवून जा. पार्ट मागवावा लागेल.”

दुकानात बसल्यापासून त्यांनी गिऱ्हाइकाला कधी खोटं सांगितलं नव्हतं. नर्सबाई निघून गेल्यावर ते घड्याळ खणात ठेवताना त्यांना वाटलं, आपण कुणाचं तरी ताट लपवतोय.

नर्सबाई पुढच्या आठवड्यात आल्या. पार्ट आला नव्हता. त्याच्या पुढच्या आठवड्यात आल्या.

“काका, मी हल्ली भिंतीवरच्या घड्याळाकडं मान वळवून नाडी मोजते. पेशंटला वाटतं बाईंना घरी जायची घाई झालीय.”

“ह्या आठवड्यात नक्की,” काका म्हणाले, आणि त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

त्या दुपारी काका उठले आणि शेजारी गेले. चष्मेवाला चाळिशीतला, हुशार, धंदा वाढलेला. मधली भिंत पाडून दुकान मोठं करायचं त्याच्या कधीचं मनात होतं. दर वर्षी एकदा विचारायचा, काका हसून उडवून लावायचे.

“तुला जागा हवी होती ना?” काका दारातूनच म्हणाले.

चष्मेवाल्यानं हातातली काच खाली ठेवली. “चेष्टा करताय काका?”

“मी कधी चेष्टा केली?”

“नाही, पण... झालं काय? तब्येत?”

“तब्येतीला काय धाड भरलीय. कंटाळा आला. सोमवारी ये, माप घे.”

घरी त्यांनी काही सांगितलं नाही. बुधवार होता. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, असे तीन दिवस काकांनी त्या टेबलाशी काढले, आणि तीन दिवसांत फक्त भिंतीवरची मोठी घड्याळं आणि पट्टे एवढंच काम केलं. संध्याकाळी घरी येऊन मात्र खेळायला बसायचे. कदाचित आज जमेल. जमलं तर सोमवारी नाही म्हणता येईल. दुखरा दात जीभ जशी पुन्हा पुन्हा चाचपते, तसं त्यांचं चाललं होतं. पोस्टमन पडायचा, ते वहीत लिहायचे. बारा. बारा. तेरा.

रविवार उजाडला. अक्काचा फोन वाजला, काकांनी उचलला नाही. दुपारी साडेचारला ते कॉम्प्युटरसमोर बसले. सोमवारच्या आधीचं हे शेवटचं. पाच वाजता काकूंची मालिका लागते. काकू कुणाच्या तरी पँटची लांबी कमी करायचं काम घेऊन आल्या, टीव्हीसमोर बसल्या आणि मालिकेला अवकाश असला तरी टीव्ही लावून ठेवला. डबीतून टीव्हीकडं जाणारी केबल जोडलेलीच होती. पडद्यावर पोस्टमन आला, आवाजासकट.

आणि काकांचा अंगठा बटणावरच थांबला.

मनोऱ्यावरच्या घड्याळाची टिकटिक त्यांना दोनदा ऐकू यायला लागली. टिक, आणि लगेच मागून दुसरी टिक. टिकटिक, मग थोडं थांबून पुन्हा टिकटिक. घड्याळ नीट बसवलेलं नसलं की त्याचे ठोके सारख्या अंतरानं पडत नाहीत, एक पाय ओढत चालतं. धंद्यात त्याला लंगडणं म्हणतात. ते लंगडणं काका रस्त्यावरून जाताना दुसऱ्याच्या घरातलंसुद्धा ओळखत. आता ते त्यांच्या डोक्यात होतं. हात गेला, आणि आता कानही. पडद्यावर पोस्टमन खाली पडला. त्यांनी हातातला बटणांचा कंट्रोलर मांडीवर ठेवला.

काकूंनी वर बघितलं. “काय झालं? टीव्हीचा त्रास होतोय का? बंद करते.”

टीव्ही बंद झाला. लंगडणं गेलं.

“परत लाव,” काका म्हणाले.

लावला. लंगडणं आलं.

“बंद कर.”

केला.

“लाव.”

“अहो, मी काय खांबावर चढलेला वायरमन आहे का? काय चालवलंय?”

काकांनी मांडीवरचा कंट्रोलर खाली ठेवला. मग जे त्यांनी तीन आठवडे कुणाला विचारलं नव्हतं, त्यातलं निम्मं त्यांच्या तोंडून निघालं. “अगं, तुला... तुला ती टिकटिक कशी ऐकू येतेय?”

काकूंनी सुई कापडात खोचली. मान एका बाजूला केली. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या घरात तीस वर्षं काढलेली बाई. “ऐकून तर घेऊ आधी,” असं म्हणून त्यांनी ऐकलं, आणि म्हणाल्या, “लंगडतंय की.”

“तुलाही?”

“मलाही म्हणजे? मी काय बहिरी आहे?”

काका उठले. टीव्हीला कान लावला. मग कॉम्प्युटरच्या स्पीकरला. मग दोन्हींच्या बरोबर मधे, खोलीच्या मध्यावर उभे राहिले, डोळे मिटून. पहिली टिक टीव्हीची. दुसरी कॉम्प्युटरची. दर वेळी टीव्हीची आधी. त्यांनी डोळे उघडले आणि दोन्ही पडदे एका नजरेत घेतले. टीव्हीवर लंबक टोकाला जाऊन वळला, आणि मग कॉम्प्युटरवरचा टोकाला गेला, मग वळला. जणू धाकटा भाऊ थोरल्याच्या पावलावर पाऊल टाकत होता.

डबी चित्र टीव्हीला तसंच्या तसं देत होती. कॉम्प्युटर मात्र ते आत घेणार, मांडणार, मग दाखवणार. त्यात वेळ जात होता. चित्रालाही तेवढाच आणि आवाजालाही तेवढाच, म्हणून दोघांची साक्ष जुळत होती आणि काकांच्या कानाला काही खटकलं नव्हतं. रेकॉर्डिंगवर नजर ठेवायची म्हणून ते इतके दिवस होऊन गेलेलं बघत होते आणि ते आत्ता होतंय असं समजत होते.

त्यांनी वही आणली. पानावरून बोट फिरवलं. बारा, बारा, तेरा, बारा, बारा. थरथरणारा हात कधी सातनं चुकेल, कधी वीसनं. दर वेळी बारानं चुकायला हात नव्हे, यंत्रच लागतं. हे कुठल्याही शिकाऊ पोराला कळलं असतं. काकांना कळलं नाही, कारण पान उघडायच्या आधीच त्यांनी निकाल वाचलेला होता.

“सरक जरा,” काकूंना म्हणत ते टीव्हीसमोर जमिनीवर बसले. कॉम्प्युटरकडं पाठ. तिसऱ्या खेपेला पोस्टमन लंबकावर पाय देऊन नवव्या छपरावर उतरला. काका हसले नाहीत. त्यांनी कपाळ गुडघ्यांवर टेकवलं.

“बरं झालं ना हे?” काकू म्हणाल्या. “मग असं काय बसलाय?”

“सोमवारी चष्मेवाला माप घ्यायला येतोय.”

“कसलं?”

“दुकानाचं. मी म्हटलं, घे.”

काकूंनी आधी टीव्ही बंद केला. मालिका सुरू झाली होती, तरी. “कुणाला विचारून?”

“विचारलं नाही.”

“मला विचारलं नाहीत, लेकीला नाही, बहिणीला नाही. त्या पोस्टमनला तरी विचारलंत?” मग त्यांचा आवाज खाली आला. “मला दिसत होतं हो. कप डाव्या हातात, सुया काय ओवताय. मला वाटलं, सांगतील. तुमच्या वडिलांचं मला ठाऊक नाही का? त्यांचे कप मीच भरत होते.”

काकांनी उजवा हात त्यांच्यापुढं धरला. “बघ.”

काकूंनी बघितला, मग तो आपल्या हातांत घेतला. “मला काय कळतंय त्यातलं. गार आहे एवढं कळतंय.”

मागं कॉम्प्युटर टिपत होताच, रेकॉर्डिंग आख्खं होतं, आवाजासकट. ते अक्काला गेलं. तासाभरात फोन आला. “मान्य,” ती म्हणाली. “पण तिसऱ्या छपरावर तू किती वेळ घालवलास रे? मी तेवढ्यात भाजी चिरून घेतली असती.” मग थांबून म्हणाली, “सकाळी फोन का नाही उचललास?” काका म्हणाले, “आंघोळीला होतो.” इतकी लांबलचक आंघोळ तू कधी केली नाहीस, असं काही अक्का म्हणाली नाही. तिनं फोन हळूच ठेवला.

पण झोपायला जाताना एक गोष्ट काकांना स्वच्छ कळली होती, आणि तिनं त्यांना पुन्हा घेरलं. यंत्राची चूक सापडली, म्हणून हात निर्दोष सुटला असं नाही. बटण दाबणं वेगळं आणि केसासारखी स्प्रिंग धरणं वेगळं. इतके दिवस यंत्रानं त्यांना घाबरवलं, हे खरं. पण यंत्रानंच त्यांना टेबलापासून लांबही ठेवलं होतं. आता लांब राहायला निमित्त उरलं नव्हतं.

सोमवारी ते वेळेआधी दुकानात आले. दिवा लावला, कापड मांडीवर ओढलं, खणातून नर्सबाईंचं घड्याळ काढलं. मागचं झाकण उघडलं. डोळ्याला भिंग लावलं. आणि तसेच बसले. बाहेर चपला शिवणाऱ्यानं दुकान उघडलं, रस्त्यावर पाणी मारलं. शाळेची मुलं गेली. काका चिमटा उचलायचे आणि ठेवायचे.

चष्मेवाला दहाला आला. हातात मोजायची पट्टी, कानावर पेन्सिल. “काका, आधी भिंत मोजतो, मग आतला भाग.”

“थांब जरा,” काका म्हणाले. “बस.”

“तुमचं काम होऊ दे ना, मी माझं करतो.”

“नाही. बस इथं. हलू नकोस आणि बोलू नकोस.”

चष्मेवाला स्टुलावर बसला. काकांनी श्वास अर्धा सोडला आणि धरला. चिमटा आत गेला. स्प्रिंगच्या बाहेरच्या वळणाला टेकला, आणि तिथं एक क्षण तो हलला. चष्मेवाल्याला ते दिसलं. त्याचा धंदाच डोळ्यांचा. काकांनी चिमटा बाहेर काढला, मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं. एरवी ते कधी टेकवत नसत. मग पुन्हा आत गेले. वाकलेलं वळण हळूहळू, एकेका केसानं, आपल्या जागी येत गेलं. चष्मेवाल्याला आपला श्वास ऐकू यायला लागला म्हणून त्यानं तोंड मिटलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. घड्याळाला चाल देणारं बॅलन्सचं चाक एकदा डावीकडं फिरलं, एकदा उजवीकडं, आणि मग आपलं आपण चालायला लागलं.

काकांनी घड्याळ कानाशी धरलं. डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत.

“जागा देत नाही,” ते म्हणाले.

चष्मेवाला पट्टी गुंडाळत राहिला. “मला वाटलंच होतं. पण काका, रागावू नका, मगाशी...”

“बघितलंस ना?”

“बघितलं.”

“मीही बघितलं.” काकांनी झाकण बसवलं, घड्याळ मऊ कागदात गुंडाळलं. “ते माझं मी बघीन. पुढच्या वर्षी विचार परत.”

“विचारू?”

“विचार. मी काय सांगीन ते मात्र आत्ता विचारू नकोस.”

ते उठले. दिवा मालवला. सकाळी अकराला त्यांनी दुकानाचं शटर ओढलं, असं त्या गल्लीत कधी झालं नव्हतं. चपला शिवणाऱ्यानं मान वर केली. “कुठं काका?”

“दवाखान्यात. नर्सबाईंचं घड्याळ द्यायला. त्यांनी बऱ्याच चकरा मारल्या.”

कुलूप लावताना किल्ली पहिल्यांदा भोकात गेली नाही, बाजूला घासली. दुसऱ्यांदा गेली. किल्ली कुणाचीही पहिल्यांदा चुकते. चष्मेवाला आपल्या दारात उभा होता, त्यानं हे नंतर गल्लीत सांगितलं तेव्हा तोही हेच म्हणाला. काकांनी कुलूप एकदा ओढून बघितलं आणि ते दवाखान्याच्या दिशेनं चालायला लागले, नेहमीच्या चालीनं, ना घाई ना उशीर. कागदात गुंडाळलेलं घड्याळ डाव्या हातात होतं, उजवा खिशात. चष्मेवाला आणि चपला शिवणारा, दोघं त्यांच्याकडं बघत राहिले. गल्लीचं वळण येईपर्यंत काकांनी उजवा हात खिशातून काढला नाही.